ट्रंकेच्या तळाशी



दीक्षा घेतल्यावर आपण घरातला देव्हारा रिकामा केला. टाक, मूर्ती, तसबिरी, खंडोबाचा भंडारा, मरीआईचा मुखवटा यांना ज्याने त्याने आपल्या परीने निरोप दिला. कोल्हापूरकडच्या कित्येक घरांतले टाक पंचगंगेच्या पाण्यात गेले. त्याविषयी कुणी विचारले तर आपल्यापाशी उत्तर असते. बावीस प्रतिज्ञा पाठ असतात. पण पुष्कळ घरांत देव्हाऱ्याच्या बाजूला आणखीही काही वस्तू होत्या. त्या देव नव्हत्या, तरी दसऱ्याला त्यांनाही फूल पडे. आजा पलटणीत होता, त्याने लढाईवरून आणलेल्या त्या वस्तू. त्यांचे काय करायचे हे कुणी सांगितलेले नाही, आणि तुम्ही विचारलेलेही नाही, कारण हा प्रश्न बापाला विचारणे अवघड असते.

काही वर्षांपूर्वी करवीर तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावी मी गेलो होतो. ज्या घरी उतरलो त्या घराने दीक्षा उशिरा घेतली होती. वस्तीतले इतर लोक १९५६ नंतरच्या वर्षांत बौद्ध झाले. या घरात मात्र म्हातारी असेपर्यंत देव हलले नाहीत. ती गेली आणि नातवाने सगळ्या घराला त्रिशरण घ्यायला लावले. वंदना झाली, चहा झाला, आणि तो नातू माळ्यावरून एक हिरवी पत्र्याची ट्रंक घेऊन खाली आला. झाकणावर पांढऱ्या रंगात आजोबांचे नाव आणि शिपाई नंबर होता. आत एक खाकी घोंगडी, बिस्किटाच्या डब्यात तीन-चार पदके, पलटणीतून सुटल्याचा दाखला, आणि काडतुसाच्या पितळी नळीची करून घेतलेली चुनाळी. सगळ्यांच्या खाली घडी घातलेले एक पांढरे कापड होते. ते उलगडले तेव्हा तान्ह्या मुलाच्या दुपट्याएवढे भरले. मधोमध तांबडा गोल, आणि त्या गोलाभोवती काळ्या शाईने लिहिलेली उभी उभी अक्षरे, कुठे जाड, कुठे बारीक, निरनिराळ्या हातांची. अक्षरांवर हळदीची बोटे उमटलेली होती. दर खंडेनवमीला या कापडावर संगीन ठेवून तिची पूजा होत असे.

नातू म्हणाला, "गुरुजी, ह्ये आता पेटवून टाकूया म्हटलं, तर आबा दोन दिवस माझ्याशी बोलले न्हाईत."

त्याचे वडील दारातच बसले होते. सत्तरीच्या पुढचे गृहस्थ. ते माझ्याकडे न बघता बोलले, "देव घालवलं, मी काय म्हटलं न्हाई. आता बापाला बी घालवायचं व्हय?"

वाचकहो, या प्रश्नाला चटकन उत्तर देणारा माणूस धम्माचा जाणकार असेल, पण घरातला नसेल. मला त्या दिवशी उत्तर देता आले नाही. तेव्हापासून जे सुचत गेले ते आज तुमच्यापुढे ठेवतो, कारण अशी ट्रंक तुमच्याही माळ्यावर असण्याचा संभव आहे.

पदकाच्या कडेवरचे नाव

आधी बापाची बाजू घेऊ. आपल्या आजा-पणज्यांना पलटण म्हणजे काय होती? गावात त्याला वेसकराची काठी आणि जोहार. पलटणीत बूट, बंदूक आणि पगार. गावात त्याच्या नावाचा उच्चार अर्धाच होई, तोही तुच्छतेने. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर बारीक अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असे. हातात घेऊन उजेडाकडे तिरपे धरले म्हणजे ती अक्षरे वाचता येतात. ज्या माणसाचे नाव सावकाराच्या वहीखेरीज कुठे लिहिले गेले नव्हते, त्याचे नाव धातूत कोरले गेले. हा मान लहान नव्हे.

तसेच त्या युद्धात पडलेल्या शिपायांच्या घरी एक गोल काशाची तबकडी पाठवली गेली. सुमारे बारा सेंटिमीटरची. तिच्यावर मृताचे नाव आहे, हुद्दा नाही. मरणात कर्नल आणि शिपाई सारखेच, म्हणून तो मुद्दाम घातला नाही. हा विचार सातासमुद्रापलीकडच्या सरकारला सुचला. गावच्या मसणवटीत मात्र त्याच शिपायाला जागा वेगळी होती. उलट बाजूही सांगितली पाहिजे. तेच सरकार पदक वाटताना मात्र धातूत भेद करीत होते. लढणाऱ्याला चांदीचे युद्धपदक, आणि परदेशी नेलेल्या मजूर-तुकड्यांना तेच पदक काशाचे. चांदीची पदके कितीतरी घरांतून अडीअडचणीला सोनाराकडे गेली आणि वितळली. काशाची राहिली, कारण त्यांना कुणी पैसे देईना.

हा मान टिकलाही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद झाली. ज्यांच्या बापांनी कोरेगावला रक्त सांडले त्यांना लढाऊ जात नव्हे म्हणून दारातून परत पाठवले गेले. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध लेखणी उचलली. शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने १९१० मध्ये विलायत सरकारकडे अर्ज गेला. १९१७ मध्ये माणसे कमी पडू लागली तेव्हा १११ महार पलटण उभी राहिली, आणि युद्ध आटोपताच १९२१ मध्ये ती मोडली. गरज होती तोवर शूर, गरज सरली की अस्पृश्य. अशा लोकांपाशी आपण काय केले याचा पुरावा म्हणून काय उरते? ट्रंकेतले पदक आणि सुटकेचा दाखला. आपल्या घरांनी या वस्तू मुलासारख्या जपल्या, त्यामागे हे कारण आहे.

भीमा कोरेगावचा स्तंभ हीही एक निशाणीच आहे, फक्त माळ्यावर मावत नाही एवढेच. इंग्रजांनी तो आपल्या विजयासाठी बांधला. त्यावरच्या नावांत बावीस नावे 'नाक' शेवट असलेली, म्हणजे आपल्या पूर्वजांची आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे गेले. त्यांनी त्या दगडाला शेंदूर लावला नाही, नवसही बोलला नाही. ते तेथे उभे राहून लोकांना आपल्या बळाची आठवण देऊन आले. एकाच दगडाचे दोन अर्थ झाले: ज्याने उभारला त्याचा एक, आणि ज्याने वाचला त्याचा दुसरा. पुढे बाबासाहेब १९४१ मध्ये संरक्षण सल्लागार समितीवर आले, त्यांनी महार पलटणीची मागणी लावून धरली, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला पहिली तुकडी उभी राहिली. तिच्या टोपीवरच्या बिल्ल्यात हाच स्तंभ होता. आपल्या ट्रंकवाल्या घरातला आजा त्याच सुमारास कोल्हापुराहून बेळगावला जाऊन भरती झाला होता.

तेव्हा पदक पेटवायचे नाही, पुरायचे नाही. ते वितळवून मुलीच्या लग्नात जोडवी करायचीही नाहीत. पदक बापाचे आहे आणि ते त्याला दिलेले आहे. 'दिलेले' हा शब्द लक्षात ठेवा, त्याची गरज पुढे पडेल. दाखल्याची एक प्रत काढून घ्या. कसर लागलेला कागद दुसऱ्यांदा मिळत नाही.

देवाच्या पायाशी ठेवलेली लूट

आता पूजेचा प्रश्न. खंडेनवमीला शस्त्र पूजायचे ही रीत आपल्या घरात कुठून आली? जे राजे होते, ज्यांच्यापाशी राज्य राखायला शस्त्रे होती, त्यांची ती रीत. आपण त्यांच्या पागेत खरारा करीत होतो, तरी सण त्यांचाच करीत राहिलो. आता विजयादशमी आपल्यालाही आहे, पण ती वेगळ्या अर्थाने. कलिंगच्या युद्धानंतर सम्राट अशोकाने आपल्या शिलालेखात मोजून लिहिले की दीड लाख माणसे धरून नेली, एक लाख मारली गेली, आणि त्याहून कितीतरी अधिक नंतर मेली. विजयाचा आकडा दगडात कोरणारे राजे पुष्कळ झाले. त्या आकड्याखाली आपला पश्चात्ताप कोरणारा मला दुसरा ठाऊक नाही. त्याच लेखात त्याने आपल्या मुला-पणतूंनी नव्या विजयाची हाव धरू नये अशी इच्छा लिहिली आहे. आणि ज्या कलिंगात कत्तल झाली तेथल्या धौली आणि जौगड या ठिकाणी हा लेख कोरलाच नाही. तेथे त्याच्या जागी दुसरेच लेख आहेत. ज्यांची माणसे मारली त्यांच्या तोंडावर तो आकडा पुन्हा वाचून दाखवायचा नाही, एवढे भान त्याला असावे असे मला वाटते. अशोक विजयादशमीला दीक्षेची आठवण करायची आणि आदल्या दिवशी संगिनीला हळद लावायची, हे एका घरात बसत नाही.

लढाईतून आणलेली वस्तू देवाला वाहिली की ती शुद्ध झाली, ही समजूत फार जुनी आणि फार सोयीची आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पाने पोर्तुगीजांकडून वसई घेतली. तिथल्या चर्चमधल्या घंटा उतरवून आणल्या आणि महाराष्ट्रातल्या देवळांत टांगल्या. भीमाशंकरला गेलात तर त्यांतली एक दिसेल. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावर दुसरी आहे. 'नारोशंकराची घंटा' म्हणून तिची म्हणच पडली आहे. तिच्यावर पोर्तुगीजांनी घातलेले १७२१ हे साल आहे. ज्या माणसांनी ती ओतली, जी माणसे तिच्या नादावर प्रार्थनेला जमत होती, त्यांना कुणी विचारले नाही. देवाला दिली म्हटल्यावर विचारणार कोण?

त्या घंटेजवळून पंचवटीत पायी गेले की थोड्याच अंतरावर काळाराम मंदिर लागते. २ मार्च १९३० पासून आपले लोक तेथे सत्याग्रहाला उभे होते. परधर्माची, परमुलखाची, लुटून आणलेली घंटा नाशकातल्या देवळावर मानाने लटकू शकत होती. त्याच गावात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसाला देवळाची पायरी चढता येत नव्हती. यावर मी अधिक लिहीत नाही, तुम्ही जाणते आहात.

पण त्यांना नावे ठेवून आपली सुटका होत नाही. जे चिमाजी अप्पाने पितळेच्या घंटेचे केले तेच आपल्या त्या घराने कापडाचे केले. मोठ्याने मोठी वस्तू वाहिली, लहानाने लहान.

ज्याने दिले नाही त्याचे

दुसरे शील आपण रोज म्हणतो. त्यात 'चोरी' हा शब्द नाही. 'अदिन्न' असा शब्द आहे, म्हणजे न दिलेले. फरक बारीक आहे, पण सगळा प्रश्न त्यातच आहे. चोरी म्हटले की आपण लगेच म्हणतो, आमचा आजा चोर नव्हता. खरेच नव्हता. पण ते कापड त्याला कुणी दिले होते काय?

ते कापड काय आहे ते सांगतो. जपानी तरुण लढाईवर निघाला की घरचे लोक, शेजारी, शाळासोबती, कारखान्यातले सोबती त्या देशाच्या पांढऱ्या निशाणावर सूर्याच्या तांबड्या गोलाभोवती आपापली नावे आणि शुभेच्छा लिहीत. जपानी भाषेत त्याला 'योसेगाकी हिनोमारू' म्हणतात. शिपाई ते घडी घालून अंगाशी बाळगी. आपल्याकडे पोरगा मुंबईला निघाला की आई कनवटीला भाकरी बांधून देते, तशी सगळ्या गल्लीने बांधून दिलेली ही शिदोरी. तो पडला की दुसऱ्या बाजूचा शिपाई ते काढून घेई, कारण ते हलके होते आणि जिंकल्याचा पुरावा म्हणून दाखवता येत होते. १९४४ मध्ये इंफाळ-कोहिमाच्या मोहिमेत जपानी फौजेची सुमारे ३० हजार माणसे मेली. त्यांतली पुष्कळ गोळीने नव्हे, भुकेने आणि रोगाने. बहुतेकांची हाडे परत गेली नाहीत. कित्येक घरांत अस्थी म्हणून आलेल्या पेटीत दगड किंवा कागद होता. अशा घराला त्या मुलाचे म्हणून जगात एवढेच कापड उरलेले असते, आणि ते करवीर तालुक्यातल्या एका ट्रंकेत असते.

याला उत्तर म्हणून लोक तीन-चार गोष्टी सांगतात. लढाई ही लढाई असते. तो आमच्या आजाला मारायलाच आला होता. सगळेच घेत होते. यांतली शेवटची गोष्ट तर अगदी खरी. १९४५ मध्ये जपान्यांनी शरणागती पत्करली तेव्हा त्यांच्या अधिकाऱ्यांच्या तलवारी साहेबलोकांच्या घरी भिंतीवर गेल्या. शिपायाच्या हाती लागले ते फडके. तेव्हा दोष एकट्या आजाच्या माथी मारायला मी तयार नाही. तरी त्या काळीही कायदा होता. १९२९ च्या जिनिव्हा कराराने सांगितले होते की लढाईनंतर मृतांना लुटीपासून जपावे, आणि त्यांच्या अंगावरच्या खाजगी वस्तू गोळा करून शत्रुपक्षाकडे पोचत्या कराव्यात. १९४९ च्या करारात तेच पुन्हा आले. हे जंगलात चिखलात बसलेल्या शिपायाला कुणी वाचून दाखवले नसणार. पण आपण आता वाचले आहे.

तथागतांच्या काळचीही एक गोष्ट आहे. कोसलचा राजा पसेनदी आणि मगधचा अजातशत्रू यांची लढाई झाली. अजातशत्रू हा पसेनदीचा भाचा. मागच्या लढाईत पसेनदी हरला होता. या वेळी भाचा जिवंत हाती सापडला. पसेनदीने विचार केला, काही झाले तरी बहिणीचा मुलगा, त्याला सोडावे. पण त्याचे हत्ती, घोडे, रथ, पायदळ आपल्याकडे ठेवावे. भिक्खूंनी हे बुद्धांना सांगितले. आपण असतो तर म्हटले असते, राजा उदार, जीवदान दिले. तथागतांनी मात्र लुटीकडे बोट दाखवले. लुटणारा पुढे लुटला जातो, आणि फळ पिकेपर्यंत मूर्खाला ते कळत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. पसेनदीला वाटले आपण भांडण मिटवले. प्रत्यक्षात हत्तींच्या रूपाने ते त्याच्या तबेल्यात बांधलेलेच राहिले.

तो नातू मला म्हणाला होता, बौद्धाने जुन्या वस्तूंत जीव गुंतवूच नये, म्हणून पेटवून टाकू. हेही मला पटले नाही. कोल्हापुरातच एकोणिसाव्या शतकात एक विटांचा स्तूप सापडला. त्याच्या पोटातल्या दगडी पेटीत स्फटिकाचा करंडक होता, आणि पेटीच्या झाकणावर ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्या बम्ह याचे आणि ते घडवून घेणाऱ्या धम्मगुत्ताचे नाव होते. म्हणजे दोन हजारांवर वर्षांपूर्वी याच मातीत आपले लोक जपण्याजोगे ते जपून ठेवीत होते. आणि मुळात बुद्धांच्या अस्थींसाठीच लढाई व्हायची वेळ आली होती. कुसिनारेला जागोजागचे राजे आणि गण आपापला हक्क सांगू लागले. द्रोण नावाच्या ब्राह्मणाने त्यांची समजूत घातली, आठ सारखे वाटे केले आणि ज्या भांड्याने मोजले ते भांडे स्वतःसाठी मागून घेतले. मागून घेतले, हे विसरू नका. मोरिय उशिरा पोचले, त्यांना चितेचे निखारे मिळाले, तेही त्यांनी नेले. निशाणी ठेवण्याला धम्माची हरकत दिसत नाही. ती तुमच्याकडे कशी आली हा प्रश्न आहे. जाळून टाकणे तर आणखी वाईट; ज्याचे आहे त्याला ते परत मिळण्याची वाटही त्यामुळे जळते.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण काही जणांच्या मनात ती येते. ते जपानी, म्हणजे आपल्याच धम्माचे, म्हणून परत द्यायचे, असे समजू नका. तो शिपाई बौद्ध घरातला असेल, शिंतो असेल, काहीही असेल. शिवाय जपानातल्या अनेक बौद्ध पंथांनी त्या युद्धाला आशीर्वाद दिले होते. सोतो झेन पंथाने त्याबद्दल १९९२ मध्ये जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. नाव बौद्ध असल्याने माणूस चुकायचा थांबत नाही, हे नव्याने बौद्ध झालेल्या आपण लवकर शिकलेले बरे. कापड परत द्यायचे ते एवढ्याचसाठी की ते आपले नाही.

दुसऱ्या टोकाचे घर

लढाईच्या दुसऱ्या टोकाला कोण असते हे आपल्या जिल्ह्याने डोळ्यांनी पाहिलेले आहे. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे पोलंडमधल्या निर्वासितांची मोठी छावणी होती. जवळजवळ पाच हजार माणसे, त्यांत बायका, मुले आणि म्हातारेच अधिक. रशियनांनी त्यांना पोलंडमधल्या घरांतून उचलून सैबेरियात नेले होते. तेथून इराणमार्गे ती इकडे आली. अंगावरच्या कपड्यांनिशी निघालेल्या त्या बायकांच्या रिकाम्या घरांत कोणकोणते शिपाई शिरले, कपाटातून काय काय घेऊन गेले, कोण जाणे. तेव्हा आपला आजा ब्रह्मदेशात होता आणि त्याची बायको इथे नदीवर धुणे धूत होती. थोड्या अंतरावर वळिवड्याची एखादी बाई, आपल्या नवऱ्याची काही खबर लागते का, म्हणून टपालाची वाट बघत होती. दोघींची गाठ पडली नसेल. पडली असती तरी भाषा कळली नसती, पण वाट बघणे कळले असते. जपानातही कुठल्या तरी गावात अशीच एक बाई होती, आणि त्या कापडावर तिचे नाव असण्याचा संभव आहे.

करण्याजोगे ते थोडक्यात सांगतो. असे कापड, वही, फोटो, घड्याळ, शिक्का, जे काही परक्या शिपायाच्या अंगावरचे असेल, ते पदकांपासून वेगळे काढा. धुऊ नका, इस्त्री करू नका, शाई जाईल. हळदीचे डाग असले तर असू द्या, तेही त्या वस्तूच्या प्रवासातलेच आहेत. चांगल्या उजेडात फोटो काढा. अमेरिकेत ओबॉन सोसायटी नावाची एक संस्था २००९ पासून अशी निशाणे त्यांच्या घरी पोचवण्याचे काम करते आणि तिने शेकडो निशाणे परत केली आहेत. ओबॉन हा जपानातला पूर्वजांचा सण. त्याची कथा बुद्धांचे शिष्य मोग्गल्लान आणि त्यांची आई यांच्यावरून सांगतात. मुंबईत जपानचे वकिलातीचे कार्यालय आहे, तेथेही पत्र लिहिता येते. घर सापडेलच असे नाही. आणि ट्रंकेत जिवंत काडतूस किंवा बॉम्बगोळ्यासारखे काही दिसले तर हात न लावता पोलिसांना कळवा. त्यात धर्माधर्माचा काही प्रश्न नाही, घरात मुले असतात.

हे सगळे मी पुढच्या खेपेला त्या घरी जाऊन सांगितले. नातू ऐकत होता. वडील दारातच, त्याच जागी बसले होते. माझे झाल्यावर ते उठले, ट्रंकेशी आले, कापड उलगडून बघत राहिले. मग म्हणाले, "आज्जा हुता तंवर ह्ये बाहेर कधी आलं न्हाई. त्यो गेल्यावर आमीच काढलं. पूजा आमी लावली."

मी विचारले, "ते स्वतः काय करायचे याचे?"

"काय न्हाई. घोंगडीच्या खाली ठेवायचा. एकदा मी ल्हान असताना उघडलं तर थोबाडीत मारली मला. पदकं मातर गल्लीत सगळ्यांस्नी दावायचा."

नातवाने फोनवर कापडाचे फोटो काढले. मग तिघांनी मिळून नावे मोजायला घेतली. एक नाव कुठे संपते आणि दुसरे कुठे सुरू होते ते कळेना, म्हणून आमचा आकडा दर वेळी निराळा येई; एकदा बेचाळीस आला, एकदा सत्तेचाळीस. वडिलांनी विचारले, "ह्यातलं त्याचं नाव कंचं असंल, गुरुजी?" एका बाजूला एक ओळ इतर नावांपेक्षा मोठी होती, ती मी दाखवली. त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवले, कापडाला न टेकवता.

पत्र गेले आहे, उत्तर अजून आलेले नाही. कापड सध्या त्याच ट्रंकेत आहे, पण घोंगडीखाली नाही. सुनेने जुन्या धोतराची एक मऊ पिशवी शिवली आणि ते तिच्यात घालून वरच ठेवले आहे, विचारायला कुणी आले तर लगेच काढता यावे म्हणून.